स्टँड काढा

मंगळवार, रात्र

दिवसभर एकच वाक्य कानात घुमतंय आणि ते माझंच आहे.

"कुणाच्या मयताला चाललायस का रे?"

सकाळी सातच्या सुमाराला वारजे मागे पडलं आणि डुक्कर खिंडीचा चढ लागला. तिथून मागे एक अ‍ॅक्टिव्हा लागली. हॉर्नवर हॉर्न. आरशात पाहिलं तर कानटोपी घातलेला माणूस, पन्नाशीचा असेल, पुढे पायांमध्ये गुलाबी दप्तर. डावा इंडिकेटर लुकलुकत होता. मला वाटलं, स्वतः इंडिकेटर बंद करायला विसरलाय आणि हॉर्न मला मारतोय. बाजू द्यायची सोडून मी मुद्दाम थोडा आणखी मध्ये सरकलो. चढावर त्याची गाडी नुसती ओरडत होती, तरी तो मागे हटेना. चांदणी चौक आला तेव्हा तो डावीकडून अगदी शेजारी आला आणि मी काच वर करून ते वाक्य ओरडलो.

त्याने हँडलवरचा डावा हात सोडला आणि खाली बोट दाखवलं. "दादा, स्टँड! स्टँड काढा!"

मी टाच मारली. खट्. मान वर केली तोवर तो मागे पडला होता.

आज सकाळी घरातून कसा निघालो हे मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही. ऑफिसच्या बसचा फॉर्म आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली आहे, एवढंच. हिचं म्हणणं चूक नाही. आईचंही नाही. पण सगळ्यांनी मिळून एकाच माणसाला रोज तेच सांगायचं, त्यानेही ऐकून घ्यायचं आणि मग रोजचे पंचवीस किलोमीटर जायचे, पंचवीस यायचे. कमरेचं काय होतं, डोळ्यांत किती धूळ जाते, नवले पुलाखाली उतारावरून मागे ट्रक आला की पाठीत काय होतं, हे कुणी विचारत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली नवले पुलापर्यंत सगळा उतारच. डिझेल वाचवायला काही जण न्यूट्रलवर सोडतात आणि मग ब्रेक धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच ट्रकने तिथे वीसच्या वर गाड्या उडवल्या. मी त्या रात्री घरी होतो. आई तरीही मला फोन करत होती, मी आतल्याच खोलीत असताना.

असो. हे सगळं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय, म्हणजे ते वाक्य जरा कमी लागेल. होत नाही.

इंडिकेटरचं लक्षात आलं ते पाषाणच्या उतारावर. चांदणी चौकात डाव्या हाताला भूगावकडे जाणारा रस्ता फुटतो. तो तिकडेच वळणार होता. इंडिकेटर विसरला नव्हता, बऱ्याच आधीपासून देत आला होता. २ ऑक्टोबर २०२२ ला तिथला जुना पूल पाडला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला, तेव्हापासून तिथे इतके रॅम्प झालेत की एक चुकला की बरंच पुढे जाऊन उलटं यावं लागतं. नव्या पुलाच्या पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकलोय, दोन्ही वेळा कार्ड पंच करायला उशीर झाला. तो तर चुकला नव्हता. माझ्यासाठी पुढे आला होता. आरशात शेवटचा दिसला तेव्हा कडेला थांबून मागे पाहत होता.

आणि ते दप्तर. पोरगी गाडीवर नव्हती, नुसतं दप्तर होतं. घरी विसरलं असणार, बाप द्यायला निघाला असणार. खरंच घाई होती त्याला. मी विचारलं तसंच, फक्त मयताची नाही, शाळेच्या घंटेची.

तो शब्द माझ्या तोंडात आला कुठून? आमच्या घरात गेल्या आषाढापासून तो कुणी काढत नाही. टीव्हीवर आला तरी आई आवाज बारीक करते. आणि मी तो भर रस्त्यात एका अनोळखी माणसावर फेकला. ज्याने खरोखर तसं काही होऊ नये म्हणून गाडी पिळवटली, त्याच्यावर.

ऑफिसात पोचल्यावर पार्किंगमध्ये खाली बसून स्टँड पाहिला. टोकाचा काळा रंग खरवडला होता, रुपयाएवढी जागा चांदीसारखी चकचकीत, ताजी. म्हणजे रस्त्याला तो एकदा लागून गेला होता. बहुधा वारज्याच्या वळणावर. मला कळलंही नव्हतं. सरळ जाताना स्टँड नुसता लोंबतो, काही होत नाही. गाडी डावीकडे झुकली की टोक टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं. वाकडला सर्व्हिस रोडला उतरून मी हिंजवडीकडे डावीकडेच वळतो, रोज, बऱ्यापैकी वेगात. त्या वळणावर रोज डंपरमधून सांडलेली खडी असते. एवढंच लिहितो.

बहुतेक नव्या गाड्यांना स्टँड खाली असला आणि गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. माझी २०११ ची स्प्लेंडर. तिला असलं काही नाही. पेट्रोल संपत आलं की कॉक हाताने रिझर्व्हला फिरवावा लागतो, आणि मला तो आवडतो. गाडी एकदा अडखळते, डाव्या हाताने खाली चाचपडून कॉक वळवायचा, दोन सेकंदांत ती पुन्हा श्वास घेते. ही गाडी मला कळते. बसमध्ये बसलो तर झोपून जाईन, आणि पाषाणच्या उतारावर जो गार पट्टा लागतो तो मला लागणार नाही. मार्गशीर्षात सकाळी चांदणी चौक ओलांडून खाली उतरायला लागलं की हवा एकदम पाण्यासारखी गार होते. जॅकेटच्या बाहीतून आत शिरते, बोटं बधिर होतात, गुडघ्यांना मात्र इंजिनची ऊब. बाणेर आलं की पुन्हा कोमट. हे काचेआडून कळत नाही. वारज्याला मुठा नदीच्या पुलावर जलपर्णीचा वास, टपरीवरचं उकळणारं आलं, पहिल्या पावसाआधी डांबराला सुटणारा वास, यावर माझा दिवस सुरू होतो. त्या पाऊण-एक तासात मी कुणाचा नवरा नसतो, कुणाचा मुलगा नसतो, कुणाचा उरलेला भाऊ नसतो.

संध्याकाळी येताना आंबेगावात काकांच्या गॅरेजवर थांबलो. म्हटलं, स्टँड काढायला विसरलो सकाळी. त्यांनी स्टँड दोनदा वर-खाली केला, हँडल धरून गाडी हलवली, आणि तो आपोआप खाली आला. "विसरला नाहीत तुम्ही. स्प्रिंग लांबलीये. खड्ड्यात गाडी आपटली की पडतोय खाली."

मला एकदम हलकं वाटलं. सकाळी घरातून डोकं फिरवून निघालो म्हणून स्टँड राहिला, म्हणजे घरातलं बोलणं रस्त्यावर आणलं, असं दिवसभर मनाशी घोळत होतो. तसं नव्हतं. स्टँड मी काढला होता. हात-पाय आपापलं काम करत होते. हलकं वाटलं ते नवी स्प्रिंग बसेपर्यंतच. कारण मग ते एक वाक्य तेवढं उरलं, आणि ते काही स्प्रिंगने केलं नव्हतं.

खरं तर या रस्त्यावर सगळं यावरच चाललंय. कुणीतरी ओरडतं, "ओ, स्टँड!" कुणी "ताई, ओढणी!" म्हणतं, चाकात जायच्या आत. कुणी दिवसा हेडलाइट चालू दिसला की हाताची बोटं उघडझाप करून दाखवतं. नाव नाही, गाव नाही, थांबून आभार नाहीत. लोक सांगतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. मीही सांगितलंय कितीतरी जणांना. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी पुढच्याला सांगितलं असतं का, हे मला खरंच माहीत नाही. तो सांगेल. तशा चेहऱ्याचा होता.

जुनी स्प्रिंग काकांनी कागदात बांधून दिली, साठ रुपये घेतले. ही म्हणाली हे काय. मी म्हटलं स्प्रिंग, गाडीची. तिने पुढे काही विचारलं नाही, पण ताट वाढताना माझ्याकडे बघत होती. फॉर्मबद्दल आज बोलणं झालं नाही. बहुतेक जानेवारीत संक्रांतीचे दोन आठवडे मी बसने जाईन. त्या दिवसांत रस्त्यावर आडवा मांजा असतो, गळ्याशी येतो आणि दिसत नाही. तेवढं मी तिला म्हणणार आहे, उद्या.

उद्या दहा मिनिटं लवकर निघतोय. दप्तर रोज विसरत नसेल, त्यामुळे तो त्या वेळेला तिथे नसणार, हे मला कळतं. तरी डुक्कर खिंडीच्या चढाला डाव्या बाजूने, हळू जाईन.