एथिक्स कमिटीत अडकलेली फाइल: माझा अनुभव

विदर्भात मधुमेहावर काम करणाऱ्या बायोकेमिस्टला एचबीए१सीवर, म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजणाऱ्या तपासणीवर, डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण इथे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या रुग्णाच्या रक्तात हिमोग्लोबिन ए नसतंच. मग त्यावर साखर चिकटणार कुठून? शिवाय १२० दिवस जगणाऱ्या तांबड्या पेशी त्याच्यात दोन-तीन आठवड्यांतच फुटतात. एकच जनुक सिकलचं असलेल्या वाहकांच्या पेशी नीट जगतात, पण काही यंत्रांत हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, आकडा बिघडवतं. म्हणून मी ग्लायकेटेड अल्ब्युमिन घेतलं, म्हणजे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली साखर मोजायची. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचं, त्यामुळे मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते, आणि हिमोग्लोबिन कुठलंही असो, फरक पडत नाही.

विषय, गाइड, पीएचडीची नोंदणी, सगळं रीतसर झालं. गाडी अडली ती माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत.

कमिटीचा प्रश्न एकच होता: मधुमेही म्हणून आलेला माणूस तुमच्या तपासणीत सिकलचा वाहक निघाला, तर त्याला सांगणार का? प्रश्न चोख आहे. आपल्याकडे ही गोष्ट थेट घरातल्या लग्नांपर्यंत जाते. माझा राग प्रश्नावर नाही, तो ज्या पद्धतीने आला त्यावर आहे. एका बैठकीनंतर ‘गोपनीयतेबद्दल खुलासा करा’ एवढीच ओळ आली. खुलासा दिला, तर पुढच्या बैठकीनंतर ‘समुपदेशन कोण करणार?’ तेही दिलं, तर ‘उरलेल्या सिरमचं काय?’ (सिरम म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव.) बाप्पा, तिन्ही एकाच पत्रात विचारता आले असते की! मधे बैठकच रद्द. कोरम किमान ५ सदस्यांचा, त्यात वैद्यकीय-वैद्यकेतर दोन्ही हवेत, संस्थेबाहेरचा किमान एक हवा, आणि अध्यक्षही बाहेरचेच. कोणी एक गावाला गेलं की फाइल पुढच्या तारखेला. टेबलावर विचारलं की ‘मीटिंग झाली की कळवू.’ आणि मंजुरीआधी घेतलेला एकही नमुना चालत नाही, मागाहून मंजुरी मिळत नाही, त्यामुळे हातावर हात.

शेवटी चाललेला मसुदा असा. संमतीपत्रात सिकलचा निकाल कळवावा की नाही, याची वेगळी चौकट आणि वेगळी सही. सोल्युबिलिटी टेस्टवरून कोणालाही काही सांगायचं नाही. ती फक्त चाळणी आहे, वाहक आणि रुग्ण यांत फरक दाखवत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीने पक्कं झाल्यावरच सांगायचं, तेही एकट्याला समोर बसवून. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, सोबत आलेल्या मेव्हण्याला तर नाहीच. समुपदेशकाचं लेखी संमतीपत्र जोडायचं, पुढे कुठल्या सरकारी रुग्णालयात पाठवणार ते लिहायचं. उरलेलं सिरम पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं तर तिसरी सही. हे पहिल्याच दिवशी फाइलीत घाला.

नागपुरात संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हीत लागतं, दोन्हींचं उलट भाषांतर (परत मूळ भाषेत करून ताडून बघणं) आणि त्याचा दाखलाही. ‘५ मिली रक्त’ एवढ्यावर भागवू नका, ‘साधारण एक चहाचा चमचा’ असंही लिहा. अंगठा देणाऱ्यासाठी साक्षीदार आपल्या टीममधला चालत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख; प्रोटोकॉलवर (संशोधनाच्या आराखड्यावर) १.२ आणि संमतीपत्रावर १.१ राहिलं की फाइल परत.

ग्लायकेटेड अल्ब्युमिन मोजायच्या किटची ऑर्डर मंजुरीपत्र हातात आल्यावरच द्या. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि कमिटी त्याची एक्स्पायरी बघून बसत नाही. किट घेताना अल्ब्युमिन कुठल्या रंगद्रव्याने मोजतात ते विचारा. निकाल एकूण अल्ब्युमिनच्या टक्क्यांत असतो, आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन ग्लोब्युलिनलाही थोडं पकडतं, म्हणजे टक्केवारी खोटी उतरते. त्यापेक्षा ब्रोमोक्रेसॉल पर्पल बरं.

नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही रुग्णालयं, जिथून नमुने घेणार त्या प्रत्येक संस्थेची परवानगी वेगळी लागेल का, हे आधीच विचारून ठेवा.

कोणाला वगळणार, हेही कमिटी बघते. लघवीतून भरपूर प्रथिन जाणारे, सिरोसिसचे, थायरॉइड बिघडलेले रुग्ण काढा, कारण त्यांच्यात अल्ब्युमिनचं आयुष्यच बदललेलं असतं. एचबीए१सीशी तुलना करणार असाल तर तीन महिन्यांत रक्त चढवलेलेही नकोत.

घेतलेल्या ५ मिली रक्तातलं २ मिली जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (हिच्यात रक्त साकळत नाही), ३ मिली साध्या ट्यूबमध्ये. साध्या ट्यूबमधलं रक्त अर्धा तास साकळू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, आणि सिरम ०.५ मिलीच्या भागांत वाटून उणे ८० ला. एक भाग एकदाच वितळवायचा. मे महिन्यात धंतोलीच्या क्लिनिकमधून नमुने आणताना ईडीटीए ट्यूब थेट बर्फाला टेकू देऊ नका, मधे कापड किंवा कागद ठेवा. पेशी गोठून फुटल्या की तो नमुना गेला. उणे २० च्या फ्रीझरमध्ये अख्खं रक्त महिनोन्‌महिने ठेवून एचबीए१सी करू नये, आकडे भरवशाचे राहत नाहीत.

मंजुरीपत्रावरची मुदत वाचा. वार्षिक प्रगती अहवाल त्याआधी द्यावा लागतो, नाहीतर नमुने घेणं थांबतं आणि पुन्हा तेच टेबल.