संध्याकाळी सातला जाणारं नेट

फायबर आमच्या भागात पोचायच्या आधीची, पुण्यातली गोष्ट. घरी तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड. दिवसभर सगळं सुरळीत, पण दिवेलागण झाली की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा, म्हणजे एक्स्चेंजशी जोड आहे की नाही ते दाखवणारा, लुकलुकायला लागायचा. नेट जायचं, जरा वेळानं यायचं, परत जायचं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "सर, संध्याकाळी लोड असतो." हे काही पटेना. लोड असला तर नेट रडतखडत चालेल, पण एक्स्चेंजशी मॉडेमचा जोडच कसा तुटेल? ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की आमच्या मॉडेमचं पान उघडायचं. त्यात एसएनआर मार्जिन नावाचा आकडा होता. लाइन टिकायला जेवढा सिग्नल लागतो त्याच्यावर किती शिल्लक आहे, ते तो डेसिबलमध्ये दाखवतो. ६ डेसिबलला जेमतेम भागतं, त्याच्या बरंच खाली गेलं की लाइन डळमळते. आमच्याकडे दुपारी तो १२ डेसिबलच्या आसपास असायचा आणि संध्याकाळी सातला धाडकन २-३ डेसिबलवर. गर्दी हळूहळू वाढते, अशी घड्याळ लावून येत नाही. कुठलं तरी बटण दाबलं जात होतं.

लाइनमन आला तो भर दुपारी. रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची डबी, उघडून जॉइंट साफ केले, फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर बदलला आणि "आता बघा" म्हणाला. दुपारी काय, लाइन ठणठणीतच होती!

मग आईचा जुना ट्रान्झिस्टर काढला. एडीएसएल२+, म्हणजे आमच्याकडचं तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड, साधारण २.२ मेगाहर्ट्झपर्यंतची फ्रिक्वेन्सी वापरतं, आणि रेडिओचा मीडियम वेव्ह, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, त्यातच येतो. त्यामुळे मॉडेमला छळणारा गोंगाट मीडियम वेव्हवर चक्क कानांनी ऐकता येतो. एफएमचा इथे उपयोग नाही. पुणे आकाशवाणी ७९२ वर एवढी दणदणीत लागते की तिच्याखाली खरखर झाकली जाते, म्हणून काटा जरा बाजूला, जिथे काहीच लागत नाही तिथे ठेवला.

सात वाजले आणि रेडिओ घूंऽऽ करून घुमायला लागला. तो सेलवर चालत होता, म्हणून घराचा मेन स्विचच खाली ओढला. आतल्या खोलीतून मालिका बंद पडल्याचा निषेध आला. रेडिओ मात्र तसाच घुमत राहिला. म्हणजे चोर घरात नव्हता. दार उघडून जिन्यात आलो तर आवाज वाढला, आणि वायरिंगच्या डक्टपाशी तर रेडिओ हातात धरवेना.

सोसायटीनं नुकतेच जिन्यात स्वस्तातले एलईडी बल्ब लावले होते, टायमरवर, सातला लागणारे. असल्या बल्बाच्या बुडाशी एक छोटं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतं आणि त्यातून निघणारा गोंगाट अडवायला आत फिल्टर लागतो. चार पैसे वाचवायला तोच गाळतात. त्यात डक्टमध्ये दिव्यांची वायर आणि टेलिफोनची तार तळापासून गच्चीपर्यंत एकमेकींना चिकटलेल्या. गोंगाट पसरायला आणखी काय हवं!

वॉचमनकाकांना घेऊन एकेक बल्ब काढत गेलो. प्रत्येक बल्बागणिक घूं कमी होत गेली. शेवटचा निघाला तेव्हा रेडिओत नुसती नेहमीची सळसळ उरली, आणि मॉडेमवर मार्जिन परत ११.

सेक्रेटरींना डेसिबलमध्ये रस नव्हता. "बल्ब तर लागतायत ना?" त्यांच्या हातात रेडिओ दिला आणि टायमरचं बटण वरखाली करून दाखवलं, तेव्हा चांगल्या कंपनीचे बल्ब मंजूर झाले. घरात रोझेटपासून मॉडेमपर्यंतची चपटी वायर काढून मी पीळ दिलेली जोडतार घातली. पीळामुळे दोन्ही तारांवर गोंगाट जवळपास सारखाच बसतो, आणि मॉडेम दोघींमधला फरकच वाचत असल्यानं तो बराचसा कटतो. ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाइन आहे त्यांनी एवढं तरी कराच, खर्च किरकोळ आहे.

काढलेले बल्ब "फेकायचे कशाला" म्हणून सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये लावले, एक वॉचमनच्या केबिनमध्येही. परवा काका विचारत होते, "साहेब, आता माझा रेडिओ का घुमायला लागलाय?"