पाय उचलला की डावीकडे

गाडी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांचं सस्पेन्शन. सोबत वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या व्हील अलाइनमेंटचे कागद. प्रत्येक कागदावर पुढचं टो-इन (पुढची दोन चाकं पुढच्या कडेला एकमेकांकडे किती वळलीत ते) 2 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे या गाडीला लागणाऱ्या 1.6 ते 2.4 च्या आतच. तरी मालकांची तक्रार कायम: कधी डावीकडे ओढते, कधी उजवीकडे, स्टिअरिंगवरचा हात हलवायची सोय नाही.

या ‘कधी’चा छडा आधी लावायचा. चारही टायरांची हवा सारखी केली, पुढचे दोन टायर आपसात बदलले. ओढ टायरची असती तर तिनं बाजू बदलली असती. काही फरक पडला नाही. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी उजवीकडे. पाय उचलला, डावीकडे. क्लच दाबून नुसती घरंगळू दिली, जवळजवळ सरळ. इथंच निम्मं काम झालं. एमजीबीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो. पायाच्या हालचालीबरोबर ओढ बाजू बदलत असेल, तर टाय रॉड (पुढची चाकं वळवणारे, टो-इन ठरवणारे दांडे) कितीही फिरवा, उपयोग नाही. मागं काहीतरी सरकतंय.

तरी पुढचं तपासल्याशिवाय सोडलं नाही. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवलं, तेव्हा थोडा प्ले (ढिलेपणा) लागला. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा (चाक ज्याच्याभोवती वळतं त्या पिनेचा) किंवा खालच्या जोडाचा. इथं बराचसा गेला. हबच्या बेअरिंगमध्ये शिम (पातळ चकत्या) घालून तो 0.05 ते 0.10 मिलिमीटरमध्ये आणावा लागतो. नट नुसता आवळून भागत नाही. डाव्या चाकाचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) मात्र उजव्यापेक्षा पाव अंश कमी निघाला. ‘कॅम्बर तेवढा सेट करून द्या’ म्हणणारे नेहमी भेटतात. या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूनं पाहताना किंगपिनचा मागचा कल) सेट करायला कारखान्यानं काही ठेवलेलंच नाही. कॅम्बर साधारण 1 अंश पॉझिटिव्ह, कॅस्टर 7 अंश. आकडा हलला असेल तर काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय. वरचा विशबोन (चाकाला वरून धरणारा हात) म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच हात, त्यामुळे त्याचा शाफ्ट झिजला तरी कॅम्बर बदलतो.

मागच्या अ‍ॅक्सलसाठी मशीन लागलं नाही. ओळंबा, खडू आणि टेप पुरले. पुढची चाकं सरळ ठेवून चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडला, फरशीवर खुणा केल्या आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर, मोजला. पुस्तकात 2311 मिलिमीटर आहे. नुसतं उभ्या गाडीवर मोजून थांबलो असतो, तर फरक किरकोळ म्हणून सुटला असता. म्हणून हँडब्रेक ओढून, म्हणजे मागची चाकं जाम करून, दोघांनी गाडी पुढे रेटून धरली आणि मोजलं. मग मागे ओढून धरून पुन्हा मोजलं. डावीकडे दोन्ही वेळा 2311. उजवीकडे रेटल्यावर 2317, ओढल्यावर 2307. उजवं टोक चक्क 10 मिलिमीटर पुढं-मागं जात होतं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर. 6 मिलिमीटरनं अ‍ॅक्सल तिरका झाला म्हणजे पाव अंशाहून जास्त. मागून गाडी तेवढी वळवली जाते. उजवं चाक मागं राहिलं की गाडी डावीकडे, पुढं आलं की उजवीकडे. रस्त्यावर हेच दिसलं होतं.

गाडी घोडीवर घेतली. उजव्या पाट्यावर, अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या रबराला लागून, अंगठ्याएवढा पट्टा आरशासारखा घासलेला आणि कडेला लालसर गंजाची भुकटी. अ‍ॅक्सल पाट्याला बांधणाऱ्या यू-बोल्टचे नट साध्या पान्यानं सहज फिरले. खोलल्यावर सेंटर बोल्टचं (पाट्यांचा गठ्ठा मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं बैठकीच्या भोकात तसंच बसलेलं, दांडा खाली तुटलेला. कारण सरळ आहे. अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, जोर सोसायला तो नाही. नवी रबरं बसवली की ती दबतात, यू-बोल्ट ढिले पडतात, आणि पुन्हा कुणी आवळले नाहीत तर सगळा मार त्या एका बोल्टवर येतो.

सेंटर बोल्ट बदलताना एक जपायचं: पाट्यांचा गठ्ठा भोकाच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्पनं आवळल्याशिवाय जुना बोल्ट पूर्ण काढायचा नाही, पाटे झटक्यात उसळतात. बोल्ट, रबरं आणि यू-बोल्ट दोन्ही बाजूंचे नवे टाकले. यू-बोल्ट आलटून-पालटून, थोडेथोडे आवळले. शॅकल (पाट्याच्या मागच्या टोकाचा झुलता दुवा) आणि पुढच्या बुशचे नट मात्र गाडी जमिनीवर उतरवून, वजन आल्यावर. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता आधीच्या अलाइनमेंटनी करून ठेवलेलं निस्तरायचं होतं. मागची तिरकस ढकल न बघता स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून एक टाय रॉड लांब, दुसरा आखूड केला होता. एका बाजूला सात आटे जास्त उघडे. त्यामुळे रॅक (स्टिअरिंगचा दातेरी दांडा) मध्यावर नव्हता आणि गाडी एका बाजूला जास्त वळायची, दुसऱ्या बाजूला कमी. लॉक ते लॉक फेरे मोजून रॅक बरोबर निम्म्यावर आणला, दोन्ही टाय रॉड सारख्या लांबीचे केले आणि टो-इन 2 मिलिमीटर ठेवलं. तरी स्टिअरिंग वाकडं दिसलं, तेव्हा ते शाफ्टच्या खाचांवरून काढून सरळ बसवलं. टाय रॉडला पुन्हा हात लावला नाही.

व्हीलबेस पुन्हा रेटून आणि ओढून मोजला: उजवीकडे दोन्ही वेळा 2311. पाय दाबा, उचला, गाडी सरळ. डावीकडचा कॅम्बरमधला पाव अंशाचा फरक तसाच आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या शाफ्टला हाताला जाणवेल इतकाच प्ले आहे, तेल गळत नाही, म्हणून तो आत्ताच उतरवला नाही. मालकांना 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलंय. तेव्हा डाव्या टायरची बाहेरची आणि आतली कड सारखी झिजतेय का, तेही बघू.