येरळेच्या गढूळ पाण्यातली पोती

विट्यात माझं खताचं दुकान आहे. रानातून वाहून गेलेलं परत रानमालकालाच विकायचं, हा तुमचा धंदा, असं बायको म्हणते. हिशेब तिच्या बाजूनं आहे, त्यामुळे मी गप्प बसतो.

डीएपी या रासायनिक खताचं ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांना. त्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद म्हणजे फॉस्फेट. स्फुरदाचा दगड थोडा उदयपूरजवळच्या झामरकोटड्याच्या खाणीतून निघतो, बराचसा मोरोक्को-जॉर्डनकडून येतो. पोटॅश तर जवळजवळ सगळंच बाहेरचं. आमच्या चुनखडीच्या रानात स्फुरद पाण्याबरोबर फारसं विरघळून जात नाही, मातीच्या बारीक कणांना धरून बसतं. आणि वळीव पहिल्यांदा उचलतो ते नेमके हेच बारीक कण! आमच्या येरळा नदीला गढूळ पाणी आलं की मला त्यात पोतीच दिसतात.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, चांगलंच झालं. पण द्राक्षाच्या ओळी सरळ आणि लांब हव्यात म्हणून कित्येकांनी जेसीबी लावून आज्या-पणज्यांच्या ताली, म्हणजे उतारावर माती अडवणारे बांध, मोडल्या. परवा एक आबा आले. "दोन पोती जादा दे, रान थकलंय."

"आबा, रान थकलं नाही, खाली गेलंय. ताल होती तिथं मुरूम उघडा पडलाय बघा."

आबा हसले, पोती घेऊन गेले. मीही दिलीच, दुकान आहे. पण काळा दगड झिजून वीतभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात, ती पोत्यात मिळत नाही.

खनिज विकूच नये असं माझं म्हणणं नाही. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळेची थोडी वाळू विकली आणि त्या पैशाच्या आधारावर बळीराजा धरण बांधलं. वाळू गेली, पाणी अडलं. बाकी नदीभर वाळू ब्रासवर गेली, विहिरी खोल गेल्या आणि गावाच्या हाती काय राहिलं, ते पात्रात उतरून बघावं.

२०१७ पासून तलावातला गाळ रानात टाकायची सरकारी योजना आहे. चांगली आहे, धुपलेल्या रानाला गाळ मानवतो. मात्र उघड्या उतारावर टाकलेला गाळ दोन पावसांत पुन्हा तलावात. म्हणून गाळाची चौकशी करणाऱ्याला मी आधी ताल आहे का विचारतो. असेल तर तलाव सांगतो. नसेल तर जेसीबीवाल्याचा नंबर देतो, ज्यानं मोडली त्याचाच.