52 मिलिमीटरच्या पुऱ्या

पुऱ्या करायच्या दोन पद्धती. एकेक लाटी लाटायची, नाहीतर मोठी पोळी लाटून वाटीनं गोल पाडायचे. आमच्याकडे दुसरी, कारण माणसं जास्त आणि धीर कमी. वाटी कुठे टेकवली म्हणजे मधलं पीठ कमी उरेल हे आई न मोजता ठरवायची. गेल्या पावसाळ्यात गॅलरीत अॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन बसले तेव्हा मलाही तेच करायचं होतं. फक्त वाटीच्या जागी ड्रिलला लावायची दातेरी वाटी होती, होल सॉ म्हणतात ती, आणि चुकलेला पत्रा गोळा करून पुन्हा लाटता येत नाही.

पत्रा होता बाबांच्या फियाटच्या डॅशबोर्डसाठी, चार मीटरं बसवायला. गाडी 1986 ची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी घरात तरी ऐकली नाही. साठच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून हे मॉडेल फियाट म्हणून बाहेर पडलं, सत्तरच्या दशकात नाव बदललं, लोकांनी ते मनावर घेतलं नाही. सासरचं नाव गॅस सिलिंडरच्या पुस्तकावर, माहेरचं तोंडात, तसं. मुंबईत काळीपिवळी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती.

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड बऱ्याच हातांतून गेलेला. नव्वदच्या दशकात कुणीतरी कॅसेट प्लेयरसाठी मधोमध करवत चालवली. पुढे प्लेयर गेला, खिंडार राहिलं. त्यात बाबा टोलच्या पावत्या आणि आवळा सुपारी ठेवायचे. गाडीच्या तब्येतीची खबर द्यायला समोर स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि दोन लाल दिवे. त्यातला एक ऑइलचा. ऑइलचं प्रेशर गेलं की तो पेटतो. म्हणजे वाईट बातमी यायची ती थेट तार होऊन, आधी पत्र वगैरे नाही. मला पत्र हवं होतं. ऑइलचं, पाण्याच्या टेंपरेचरचं, बॅटरीचं. आणि पेट्रोलचं नव्यानं, कारण जुना काटा टिचकी मारल्याशिवाय बोलायचा नाही. बाबा किल्ली फिरवायचे आणि लगेच काचेवर टक्. काटा दचकून पावभर सरकायचा. कधी वर, कधी खाली. ते दोन्हीवर विश्वास ठेवायचे.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे फळी लावत, ती डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, फळी राहिली, आणि रिकामी भिंत दिसली की माणूस तिच्यावर घड्याळ टांगतोच.

मीटरं जमवायला कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडवर जुन्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत. या गाड्या जिथे जन्मल्या त्याच कुर्ल्यात त्या सुट्या होऊन पडलेल्या, हे बघून जरा कसंतरी झालं. पण घासाघीस सुरू झाली की हळवेपणा टिकत नाही. इटलीतल्या फियाटना मिलानची वेलिया बोरलेत्ती ही कंपनी मीटरं पुरवायची. मूळची घड्याळवाली माणसं. इटालियनमध्ये वेलिया म्हणजे जागरण. माझं पुढच्या दोन महिन्यांतलं झोपेचं खातं पाहता नाव अगदी योग्य आहे.

आधी पुठ्ठ्यावर करून बघायचं एवढी अक्कल होती. लग्नपत्रिकेइतका चांगला पुठ्ठा विकतसुद्धा मिळत नाही. वीतभरापेक्षा जरा लांब तुकडा कापला, त्यावर कंपासनं 52 मिलिमीटरची चार वर्तुळं काढली, मध्ये पाच-पाच मिलिमीटर जागा सोडली. फार देखणं दिसत होतं. मीटरं बसवायला घेतली तर पहिलं बसलं, दुसरं बसेना. 52 हा मीटरच्या पोटाचा व्यास. तोंडाला जे चकचकीत कडं असतं ते भोकात जाऊ नये म्हणून मुद्दाम मोठं केलेलं असतं, आणि दोन कडी एकमेकांवर चढत होती. गणपतीच्या डोक्यावरून वर-वधूच्या नावांपर्यंत गेलेली ती चार भोकं पाहून आई म्हणाली, "निदान लग्न लागून गेलेलं आहे ना त्यांचं?"

मला खरं तर सागवानी फळी हवी होती. सुताराने नाद सोडायला लावला. काचेखाली दिवसभर ऊन, फळी पातळ, चार मोठी भोकं, भोकांमधलं लाकूड बोटभरही नाही: पहिल्या मे महिन्यात चिरेल म्हणाला. शिवाय ही मीटरं मागून नालेसारख्या पट्टीनं आणि दोन नटांनी आवळायची, जाड फळीला ती पट्टी पुरत नाही. म्हणून पत्रा. तोही चकचकीत ठेवला तर पुढच्या काचेत प्रतिबिंब पडतं, म्हणून वर काळा खरखरीत रंग. भोकं पाडताना पत्रा दोन लाकडी पाटांमध्ये दाबून धरला, ड्रिल हळू फिरवलं, थेंबथेंब खोबरेल सोडत राहिले. वाटी आरपार जाते त्या क्षणी हाताला एक झटका बसतो आणि आतून नाण्यासारखी गरम चकती निघते. चारही चकत्या मी जपून ठेवल्यात. कशासाठी ते विचारू नका. मग अर्धगोल कानशीनं कडा घासत बसले. इथे घाई केली की भोक लंबगोल होतं.

वायरिंगला नाना पेठेतले आमचे मिस्त्री. मला आवडलेला जुना अॅमीटर, म्हणजे करंट मोजणारा, त्यांनी बाजूला सरकवला. "ताई, ह्याच्यातून गाडीचा सगळा करंट जातो. एक नट ढिला झाला तर इथेच होळी." त्याऐवजी व्होल्टमीटर. तो बाजूला बसून नुसता बघतो: गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. ऑइलचं मीटरही त्यांनी विजेवर चालणारंच घ्यायला लावलं. दुसऱ्या जातीत इंजिनातलं गरम ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत येतं, आणि नळी झिरपली तर पहिली बातमी पावलाला लागते.

पेट्रोलच्या काट्यानं मात्र मिस्त्रींनाही फिरवलं. सगळं जोडलं, किल्ली दिली, आणि जवळजवळ कोरड्या टाकीवर काटा ऐटीत ‘एफ’ला जाऊन टेकला. टाकीत तरंगणारा फ्लोट वरखाली झाला की तिथला विजेचा रोध बदलतो आणि काटा तो रोध वाचतो, एवढंच या यंत्राचं ज्ञान. पण वाचायची लिपी एक नाही. युरोपातल्या एका रूढ पद्धतीत रिकामी टाकी म्हणजे 10 ओहम आणि भरलेली 180. अमेरिकेतल्या रूढ पद्धतीत बरोबर उलट, रिकामी 240, भरलेली 33. आमचा फ्लोट एका लिपीत लिहीत होता, काटा दुसरीत वाचत होता. जोडीतलं युनिट मिळेपर्यंत आठ दिवस आमची गाडी पेट्रोल जाळून श्रीमंत होत गेली.

काटा बरोबर दिशेला आला तरी खरं बोलतो का हे बघायचं होतं. टाकी जवळपास रिकामी करून पंपावर गेले. "पाच लिटर." पोऱ्यानं पाच घातले. मी किल्ली फिरवून बसले. माझा काटा जुन्या धाटणीचा, आत तापणाऱ्या पट्टीवर चालणारा, त्यामुळे त्याला उठायला अर्धं मिनिट लागतं. उठला तिथे पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं खूण केली. "आणखी पाच." तिसऱ्या पाचाला मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. चौथ्याला पोऱ्या म्हणाला, "मॅडम, पैसे कमी असतील तर राहू द्या." पहिल्या पाचाला काटा जेमतेम हलला होता, मधल्या दोनांना मोठमोठ्या ढांगा टाकल्या, शेवटी पुन्हा मुंगीच्या पावलानं. फ्लोट अगदी तळाला टेकत नाही आणि टाकीही काही सरळ डबा नाही. ती खुणांची पत्रिका आता खिंडाराच्या जागी नाही, कप्प्यात असते. अर्धं म्हणजे अर्धं नव्हे, हे आता मला लिटरमध्ये माहीत आहे.

शेवटी एक हौस केली. रेसच्या गाड्यांत सगळी मीटरं फिरवून अशी बसवतात की सगळं ठीक असलं की काटे सरळ वर, बाराच्या दिशेला. आकडे वाचायचे नाहीत, रांगेतला कोण कलंडलाय तेवढं बघायचं. मीही फिरवली. बाबा खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "वाकडी बसलीत." समजावून सांगितलं. "ते ठीक आहे, पण वाकडी बसलीत." दुसऱ्या दिवशी सरळ केली.

परवा वाईला निघालो. बाबांनी गाडी चालवणं सोडलंय, ते शेजारी बसतात. खंबाटकी घाट सुरू झाला आणि टेंपरेचरचा काटा 85 वरून उठला. 90. वळणावर 95. मला घाट दिसेना, ट्रक दिसेनात, नुसता तो काटा. बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "ओढतेय बघ, सेकंड टाक." त्यांनी मीटरकडे पाहिलंही नव्हतं. सेकंड टाकला, आवाज मोकळा झाला, काटा तिथेच रेंगाळला आणि माथ्यावर पोचल्यावर निमूट उतरला.

सुरूर फाट्यापाशी बाबा पहिल्यांदा पुढे वाकले. चारही मीटरं डावीकडून उजवीकडे नीट बघितली. मग पेट्रोलच्या काचेवर टक् करून टिचकी मारली. काटा ढिम्म. त्यांनी आणखी एक मारली.

"अडकलाय," ते म्हणाले. "पंप आला की भरून घे."