फुकटचा फ्रिज आणि सात वर्षांचं स्टिकर

मार्च उजाडला की टोकियोतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. ‘फ्रिज, उत्तम चालू, फुकट. फक्त येऊन घेऊन जा.’ ‘वॉशिंग मशीन, फुकट, ३० तारखेच्या आत न्या प्लीज.’ इथलं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं, बदल्या त्याच सुमारास होतात, कुणी भारतात परत जातं, कुणी ओसाकाला. आणि चांगल्या चालत्या वस्तू लोक हात जोडून फुकट देतात.

आईला हे फोनवर सांगितलं तर तिला पटेचना. “अगं, बिघडलेला असणार. चालता फ्रिज कोण फुकट देईल?”

बिघडलेला नसतो. टाकायला पैसे पडतात म्हणून देतात. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या चार वस्तूंसाठी जपानने १९९८ साली वेगळा कायदा केला आणि एप्रिल २००१ पासून तो लागू झाला. या वस्तू महापालिका कचऱ्यात घेत नाही. टाकणाऱ्याने रिसायकलिंगचे पैसे भरायचे, वर वाहतुकीचेही भरायचे. मोठा फ्रिज असेल तर नुसतं रिसायकलिंगच चार-साडेचार हजार येनच्या पुढे जातं. म्हणजे फुकटचा फ्रिज घेतला की त्याला निरोप द्यायचा खर्च आपण आपल्या अंगावर घेतला. मी तो घेतला नाही. सगळे म्हणाले, सुरुवातीला कशाला नवीन, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. पण दुसऱ्याच्या सात-आठ वर्षं वापरलेल्या फ्रिजचा शेवट माझ्या नावावर लागावा हे मला मान्य नव्हतं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तर नवीन घेतलं. दुकानातल्या माणसाने किमतीआधी घराबद्दलच विचारायला सुरुवात केली. जिना केवढा, दाराची रुंदी किती, फ्रिजचं दार भिंतीच्या कुठल्या बाजूला उघडायला हवं, मशीनखालचा पाण्याचा ट्रे किती सेंटीमीटर. शेगडी घ्यायची म्हटल्यावर, पाइपचा गॅस की सिलिंडरचा? कारण दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या, एकीची दुसऱ्या गॅसवर चालत नाही. भाड्याच्या घरात शेगडी नाही, बऱ्याच खोल्यांना दिवेसुद्धा नाहीत, त्यामुळे यादी लांबतच गेली.

डिलिव्हरीला दोघं तरुण आले. त्यांनी आधी दाराच्या चौकटीला आणि पॅसेजच्या भिंतीला गाद्या लावल्या, मग पायांत नवे मोजे चढवले आणि मग फ्रिज आत घेतला. मशीन ट्रेमध्ये बसवलं, पातळी तपासली, हिरवी अर्थिंगची तार सॉकेटच्या खालच्या स्क्रूला घट्ट आवळली, एकदा पाणी भरून सोडून दाखवलं. चहाला थांबले नाहीत. आपल्याकडे डिलिव्हरीवाला मशीन दारात ठेवून जातो आणि ‘इन्स्टॉलेशनवाला उद्या येईल’ म्हणतो, तो उद्या कधी उगवतो हे मी सांगायला नको.

आमच्या मजल्यावरच्या आजींचा जुना फ्रिज गेला तेव्हा मी रिसायकलिंगची पावती पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्यावर तेरा आकडी नंबर असतो. तो नंबर वेबसाइटवर टाकला की तुमचा फ्रिज कारखान्यात पोहोचला की नाही ते कळतं. कारखान्यात कॉम्प्रेसरमधला गॅस काढून घेतात, इन्सुलेशनच्या फोममधलाही काढतात, मग लोखंड, तांबं, प्लॅस्टिक वेगळं करतात. फ्रिजच्या वजनाचा किमान ७० टक्के भाग आणि वॉशिंग मशीनचा ८२ टक्के पुन्हा वापरात आला पाहिजे असं बंधन उत्पादकांवर आहे. आजींनी तो नंबर खरंच टाकून पाहिला. ऐंशीच्या घरातली बाई, मोबाइलवर एकेक आकडा दाबत होती.

मला हे बघताना ऑगस्ट २०१९ ची सांगली आठवत राहिली. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना फ्रिज आणि मशीनचे ढीग लागले. टेम्पो भरभरून ते गेले. तांब्यासाठी कॉम्प्रेसर फोडला जातो, गॅस हवेत जातो, फोम कुठेतरी ओढ्याकाठी पडतो, आणि हे काम जो उघड्या हातांनी करतो त्याच्या फुप्फुसाची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडेही ई-कचऱ्याचे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांत उत्पादकांवर जबाबदारीही टाकली आहे. पण आमच्या घरातला फ्रिज एक्स्चेंजमध्ये गेला तेव्हा दुकानदाराला त्याचं पुढे काय होतं ते सांगता आलं नाही.

पण त्याच पुरानंतरचं दुसरं चित्रही मी पाहिलं आहे. ढिगातले सगळेच फ्रिज भंगारात गेले नाहीत. रिवाइंडिंगवाल्यांच्या, म्हणजे मोटरची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्यांच्या, दुकानांपुढे मशीनच्या मोटर उन्हात वाळत घातल्या होत्या, रात्री उशिरापर्यंत कामं चालू होती, आणि शेजाऱ्यांचं मशीन त्यानंतरही कित्येक वर्षं चाललं. जपानमध्ये हे होत नाही, आणि इथे मला जपानचा खरोखर राग येतो.

माझ्या नव्या मशीनच्या बाजूला एक लहानसं स्टिकर आहे. उत्पादनाचं वर्ष, आणि खाली ‘डिझाइननुसार वापराचा प्रमाणित कालावधी: ७ वर्षं’. त्यापुढे वापरल्यास जुनेपणामुळे आग किंवा अपघात होऊ शकतो, अशी सूचना. २००९ पासून वॉशिंग मशीन, पंखे, एसी अशा वस्तूंवर हे लिहावं लागतं. हेतू सुरक्षेचा आहे हे मला समजतं, पण ते स्टिकर लोकांनी फारच मनावर घेतलं आहे. मॉडेलचं उत्पादन थांबल्यावर कंपन्या सुटे भाग फ्रिजसाठी नऊ वर्षं आणि वॉशिंग मशीनसाठी सहा-सात वर्षं ठेवतात. त्यानंतर मेकॅनिक नम्रपणे वाकून सांगतो, भाग नाही. जुन्या मशीनचा भाग काढून बसव, खरादीवर करून आण, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आईकडचं मशीन चौदा वर्षांचं आहे, रोज धुतं. आजींनी टाकायला दिलेला फ्रिजसुद्धा थंड होत होता. फक्त दाराचं रबर सैल झालं होतं, आणि आमच्याकडे सांगलीत ते रबर बदलून मिळतं.

इथेही लाउडस्पीकर लावलेला छोटा ट्रक गल्लीतून फिरतो, नको असलेल्या वस्तू नेतो म्हणतो. त्याचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं होतं. पण आजींनीच सांगितलं, त्याला काही देऊ नकोस, यातल्या बहुतेकांकडे परवाना नसतो, पालिकेची पत्रकंही तेच सांगतात. आपल्या भंगारवाल्याला परवाना आणि हातमोजे दिले आणि जपानच्या मेकॅनिकला आमच्या रिवाइंडिंगवाल्याकडे महिनाभर पाठवलं, तर दोन्हीकडचं भलं होईल असं मला मनापासून वाटतं.

मिक्सरचं मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, तो सांगलीहून आणला. इथले मिक्सर फळांचा रस करायला छान, पण खोबऱ्या-लसणाचं वाटण घातलं की भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. इथे वीज १०० व्होल्टची, त्यामुळे अकिहाबारात, टोकियोच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतला. फ्रिक्वेन्सीची चिंता मिक्सरला नाही. टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, कारण १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, आणि देश आजतागायत दोन भागांत राहिला. स्वस्त मायक्रोवेव्ह त्यामुळे बदली झाली की निकामी, त्यावर ‘५० हर्ट्झ’ किंवा ‘६० हर्ट्झ’ लिहिलेलं पाहूनच घ्या. मिक्सरची मोटर दोन्हीवर सारखी फिरते.

मध्यंतरी तो ठिणग्या टाकून बंद पडला. इथल्या दुकानात नेला असता तर कुणी उघडलाही नसता. मी आईच्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी स्क्रीनवर एक नजर टाकली. “ताई, मोटर बिघडली न्हाई. कार्बन झिजलाय. दोन बाजूंचे दोन स्क्रू काढा.” गावाकडून येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर कार्बनची, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणाऱ्या छोट्या ठोकळ्यांची, जोडी आली, नवऱ्याने दहा मिनिटांत बसवली, आणि त्या रात्री आमटीला वाटण पडलं.

तेव्हा इकडे येणार असाल तर फ्रिज आणि मशीन इथेच घ्या, नवीन घ्या, आणि टाकायचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. मिक्सर घरून आणा. ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट घ्या, आणि बॅगेत कार्बनची एक जादा जोडी टाका.