मोरीचा वास, मगरीची जीभ

सकाळी घेतलेली मोरी, म्हणजे लहान शार्क, दुपारपर्यंत बर्फाशिवाय राहिली, की कापताना नाकात अमोनियाचा झणझणीत वास घुसतो. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, मासळी कुसली. शेजारच्या पिशवीतला बांगडा तितकाच वेळ बाहेर होता, त्याला मात्र हा वास नसतो. फरक ताजेपणाचा कमी आणि रक्ताचा जास्त आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बांगड्याच्या अंगातल्या द्रवात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे बांगडा पाण्यात असूनही सुकत असतो, कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून त्याचं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी बाहेर टाकतो. मोरी आणि वागळी (चपटा रे मासा) या कास्थिमत्स्यांनी, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्यांनी, दुसरा मार्ग धरला. आपण लघवीतून टाकतो तो युरिया त्या रक्तात साठवतात. माणसाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा युरिया नसतो, मोरीच्या रक्तात वीस ग्रॅमच्या आसपास असतो. आतला आणि बाहेरचा द्रव असा जवळपास समान दाट झाला, की पाणी बाहेर जायचं कारण उरत नाही. मोरी मेली की जिवाणू त्याच युरियाचा अमोनिया करतात.

म्हणून मोरी घेतल्या घेतल्या पोट साफ करायचं, रक्त पूर्ण धुवायचं आणि लगेच बर्फात ठेवायची. आतडी आत ठेवून फ्रीजमध्ये टाकली तर वास मांसात मुरतो. कातडी सँडपेपरसारखी असते, ती गरम पाणी ओतून खरवडली की निघते. वास हलका असेल तर तुकडे मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवले की आम्ल अमोनियाला बांधून टाकतं आणि वास जातो. वासाने डोळ्यांत पाणी येत असेल तर व्हिनेगरवर पैसे घालवू नका, टाकून द्या. मोरी आणि आंबट-तीख हे गोव्याचं आंबट-तिखट कालवण यांची जोडी जमली ती या आम्लामुळेच, असं माझं मत. सुंगटांचं (कोळंबीचं) आंबट-तीख कुणाला आवडत असेल तर हरकत नाही.

शाळेच्या पुस्तकात प्राण्यांचे गट लक्षणांच्या यादीने शिकवतात: खवले, पिसं, केस, कल्ले, फुप्फुसं. पाठ होतात आणि परीक्षेनंतर जातात. गोव्यात हे गट समजून घ्यायला एकच प्रश्न पुरतो: हा प्राणी पाणी कसं राखतो आणि मीठ कसं टाकतो? इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, जांभा दगड तव्यासारखा तापतो आणि त्याच वेळी खाली खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं. इतक्या थोड्या अंतरात पाण्याचे इतके प्रकार असले की प्रत्येक गटाला आपापली हत्यारं बाहेर काढावी लागतात.

खाजनातल्या पोयींत (तळ्यांत) राहणारे शेवटे, चोणक, काळुंदर हे मासे मीठ बदलण्यात तरबेज. पाणी खारं असताना त्यांचे कल्ले मीठ बाहेर ढकलतात, गोडं झालं की तेच कल्ले पाण्यातलं मीठ आत ओढतात आणि मूत्रपिंड भरपूर पातळ लघवी करू लागतं. पण हा बदल बटण दाबल्यासारखा होत नाही, पेशी बदलायला तास आणि दिवस लागतात. मत्स्यपालनासाठी चोणकाची पिल्लं सोडताना बहुतेकांची चूक इथेच होते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवली की तापमान जुळतं, खारेपणा जुळत नाही. त्यानंतर तळ्याचं पाणी पेल्याने थोडं थोडं पिशवीत घालत किमान तासभर घालवायला हवा. फरक मोठा असेल तर टाकीत दोन-तीन दिवस हळूहळू पाणी बदलायचं. घाई केली तरी पिल्लं त्या दिवशी छान पोहतात, एक-दोन दिवसांनी तरंगायला लागतात आणि दोष खाद्याला दिला जातो. पहिल्या मोठ्या पावसात खाजनातलं पाणी अचानक गोडं होतं तेव्हाही हाच धोका. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याच्या फाटकाची, दारं कधी उघडायची हा त्या दिवसांत भातशेतीइतकाच माशांचाही प्रश्न असतो.

कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, हिशेब वेगळा. ती संधिपाद, कवच बाहेर. तिचेही कल्ले आहेत, पण ते कवचाखालच्या बंद कप्प्यात असतात आणि ओले राहिले तर हवेतला ऑक्सिजनही घेतात. म्हणून बांधलेली खाडीची कुर्ली ओल्या गोणपाटात, सावलीत, दोन-तीन दिवस सहज जगते. बादलीभर नळाच्या पाण्यात ठेवली तर मात्र लवकर मरते: साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वर मिठाचा तोल बिघडतो. मेलेली कुर्ली शिजवू नये, तिचं मांस फार लवकर खराब होतं.

विकत घेताना कुर्ली भरलेली की पोकळ हे पौर्णिमा-अमावास्येवरून ठरवण्याची चर्चा फार होते. चंद्रापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवावा. कुर्ली कात टाकते तेव्हा आधी पाणी शोषून अंग फुगवते, त्याच दाबाने जुनं कवच फुटतं आणि नवं मऊ कवच ताणून मोठं होतं. मांस त्यात नंतर, काही आठवड्यांत भरतं. मधल्या काळात तुम्ही विकत घेता ते पाणी. उलटी करून पायांच्या मुळाजवळ दाबा. कवच दबलं तर पोकळ, टणक लागलं आणि आकाराच्या मानाने जड असेल तर भरलेली. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद अर्धगोल असेल तर मादी. झडपेखाली अंडी दिसली तर परत सोडावी.

तिसऱ्या आणि खुबे हे मृदुकाय. ओहोटी लागली की शिंपले मिटून आत थोडं समुद्राचं पाणी धरून ठेवायचं, एवढीच त्यांची युक्ती, आणि स्वयंपाकघरात ती आपल्या कामी येते. कच्च्या तिसरीचं तोंड उघडं असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत. न मिटणारी फेकायची. शिजल्यावरही जी उघडत नाही ती मुद्दाम फोडून खाऊ नये.

चोडण बेटावरच्या खारफुटीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी हा मासाच, पण पाण्याबाहेर वावरणारा. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेते, आणि मधूनमधून चिखलात लोळून अंग भिजवते. डोळे डोक्यावर आणि पुढचे पर कुबड्यांसारखे. ती फार लांब जात नाही, कातडी सुकली की संपलं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. पोटाखाली, मांड्यांजवळ त्याची कातडी पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. ओल्या जागी बसून तो तिथूनच पाणी शोषतो. कातडीतून श्वासही जातो-येतो. पाणी आत येण्याचा हा दरवाजा फवारणीच्या औषधालाही उघडाच असतो, म्हणून भाताच्या शेतातला बेडूक विषाचा पहिला बळी. बेडूक उचलावाच लागला तर हात साध्या पाण्याने ओले करून उचला. हाताला सॅनिटायझर, डासांचं मलम किंवा मीठ असेल तर अजिबात नको.

अंड्याला कवच नाही, फक्त लिबलिबीत आवरण, म्हणून उभयचरांची सगळी गडबड पावसाच्या तोंडावर. पहिल्या सरीत सड्यावर आणि शेतात पिवळेधमक झालेले मोठे बेडूक दिसतात ते विणीला आलेले नर, गळ्याच्या बाजूला निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारे. नेमक्या याच आठवड्यांत ‘जंपिंग चिकन’ या नावाने खाल्ल्या जाणाऱ्या बेडकाच्या मांसासाठी त्यांना मारतात. कायद्याने या बेडकाला संरक्षण आहे. एक जोडी गेली तर त्या डबक्यातली हजारो अंडी गेली, हे कायदा नसता तरी खरं असतं.

डबकं अंडी सांभाळेल याची खात्री नसते, म्हणून काहींनी वेगळे उपाय काढले. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो. वरचा फेस सुकून पापुद्रा होतो, आतला ओला राहतो, आणि डिंभ (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) तयार झाले की खाली पाण्यात टपकतात. विहिरीवर किंवा टाकीवर आलेल्या फांद्या जूनमध्ये छाटू नयेत, छाटायच्याच तर मे महिन्यात. काही झुडूप-बेडकांनी डिंभाची अवस्थाच वगळली आहे, त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो.

याच गटातला देवगांडूळ तर साप समजून मारला जातो. सत्तरी तालुक्यातल्या ओल्या मातीत, शेणाच्या ढिगाखाली, पोफळीच्या बागेत खणताना सापडतो. अंगावर कडी असतात, सापासारखे खवले दिसत नाहीत, कातडी ओली आणि बुळबुळीत. गांडुळाला जबडा नसतो, याला जबडा आणि दात आहेत. विषारी दंश करत नाही. त्याच्या एका जातीला २००७ साली गोव्याचंच नाव मिळालं. सापडला तर मातीसकट उचलून ओल्या पाल्याखाली ठेवायचा, उन्हात पाच मिनिटंसुद्धा नको.

पाण्याची ही ओढाताण सरपटणाऱ्यांनी मिटवली. केराटिनच्या खवल्यांनी कातडी बंद झाली, अंड्याला कवच आलं, आणि लघवीच्या जागी युरिक आम्लाची घट्ट पेस्ट. भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेचं पांढरं टोक म्हणजे तेच. सड्यावरचं फुरसं उन्हाळा काढतं ते या कोरडेपणाच्या जोरावर.

कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर मात्र खाऱ्या पाण्यात आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या या कालव्यात भरतीचं पाणी शिरतं, आणि ही मगर गोड्या पाण्याची म्हणून ओळखली जाते. तिची सोय जिभेवर आहे: तिथल्या बारीक ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. फोंड्याकडे दुर्भाट, भोम भागात पौषातल्या अमावास्येला खाजनात चिखलाची मगर थापून ‘मानगे थापणी’ करतात. बांध राखणाऱ्यांचं आणि मगरीचं नातं तिथे जुनं आहे.

कासवाच्या मीठग्रंथी डोळ्यांजवळ असतात. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालताना ऑलिव्ह रिडलेच्या डोळ्यांतून वाहतं ते मीठ, दुःख नव्हे. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. कवच चामड्यासारखं, वाळूतला ओलावा शोषणारं आणि हवा खेळू देणारं. वाळू कोरडी पडली तर अंडी पिचकतात, भरतीच्या पाण्यात बुडाली तर गुदमरतात. म्हणून धोक्याच्या जागचं घरटं वनखात्याचे लोक हलवतात. हे काम त्यांचंच, कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. पण चुकतं कुठे ते पाहणाऱ्यालाही माहीत हवं. अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. वरची बाजू वरच ठेवायची, हादरे द्यायचे नाहीत. नवा खड्डा साधारण ४५ सेंटीमीटर खोल, सुरईसारखा, तळाला रुंद, ओल्या वाळूचा. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त, म्हणून पूर्ण उन्हात किंवा पूर्ण सावलीत सगळी घरटी लावणं दोन्ही चूक. पिल्लं रात्री उजेडाकडे चालतात. पूर्वी उजेड समुद्रावरच असायचा, आता शॅकचा बल्ब जास्त प्रखर. ती पाणी दिसलं म्हणून बादलीत ठेवू नयेत, पोहून पोहून समुद्रासाठीची ताकद तिथेच संपते.

पक्ष्यांनी युरिक आम्ल ठेवलं आणि अंड्याचं कवच चुन्याचं केलं, हजारो छिद्रांचं. हिवाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या कुरवांच्या डोळ्यांवर मीठग्रंथी असतात, खारं पाणी चोचीवरून थेंबाथेंबाने गळतं. छिद्रांतून पाणी जातं याचा पुरावा घरात आहे: गावठी अंडं पाण्यात आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर त्यातलं बरंच पाणी उडून हवा भरली आहे. ते वापरू नये.

सस्तन प्राणी या बाबतीत उधळे. युरिया टाकायला पाणी लागतं, घाम गाळायला पाणी लागतं, आणि गव्याला एप्रिल-मे महिन्यात ओहळ आटला की पाणी शोधत फिरावं लागतं. चोडण-दिवाडीच्या खाजनातल्या पाणमांजराने निदान अंग कोरडं ठेवलं आहे: बाहेर राठ केस, आत दाट लव, मध्ये अडकलेली हवा. डॉल्फिनला मीठग्रंथी नाहीतच. ती समुद्राचं पाणी शक्यतो पीत नाही, तिचं पाणी माशांतून येतं, आणि दाट लघवी करून ते वाचवलं जातं. पिल्लाला पाजतानाही काटकसर: गायीच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास चरबी असते, डॉल्फिनच्या दुधात त्याच्या कित्येक पट. पिल्लू आईच्या बाजूने पोहत ते थोड्या थोड्या वेळाने, काही सेकंदांच्या घोटांत पितं. सिकेरी किंवा पाळोळ्याहून डॉल्फिन बघायला निघालेल्या होडीने जवळ आई-पिल्लू दिसलं की इंजिन मंद करून बाजूला थांबावं, मधून जाऊ नये. तो घोट चुकला तर पिल्लाचं दूधही चुकतं आणि पाणीही.